नानांचा पिवळा टॅग

नानांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, व्हर्निअर असायचं. चाकणच्या आमच्या कारखान्यात ते फायनल इन्स्पेक्शनचे प्रमुख होते. तयार झालेला प्रत्येक पार्ट गाडीत चढण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचा. लांबी-जाडी मोजायचं ते स्टीलचं हत्यार त्यांनी पार्टांपुरतं ठेवलं असतं, तर कुणाचीच काही हरकत नव्हती. पण नाना डब्यातली भाकरी मोजायचे. टपरीवरचा वडा मोजायचे. माझ्या साखरपुड्यात त्यांनी ताटातले दोन पेढे उचलले, एकेक करून व्हर्निअरच्या जबड्यात धरले आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "पाव्हणं, पेढं दोन दुकानांतलं हायेत." ते खरं निघालं. पेढे कमी पडले म्हणून ऐन वेळी दुसरीकडून आणले होते. नानांचा विषय निघाला की सासरे अजूनही पाणी मागतात.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, मी कधी वाचलं नाही. मोशीच्या जुन्या घराण्यातला माणूस. वाडवडिलांची जमीन होती, ती थोडी रस्त्यात आणि थोडी सोसायट्यांत गेली. नाना मात्र कारखान्यात आले आणि तिथलेच झाले. त्यांच्या टेबलावर तीन रंगांचे टॅग दोऱ्यात ओवून ठेवलेले असत. हिरवा म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड, म्हणजे पास नाही आणि नापासही नाही. बाजूला ठेवायचा, लक्ष ठेवायचं, पुन्हा मोजायचा. पार्ट हातात आला की नाना क्षणात टॅग लावून मोकळे. पार्ट सोडून जगातल्या बाकी कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडून हो किंवा नाही वदवून घेणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

"नाना, मुलीला इंजिनिअरिंगला घालू का?"

"घाल की. पुढं काय?"

"नको घालू म्हणता?"

"न्हाई घातलीस. पुढं काय?"

माणूस वैतागून निघून जायचा. पहिल्यांदा मीही वैतागलो होतो. तेव्हा मी भोसरीत खोली घेऊन राहत होतो. लग्न ठरल्यावर पुनावळ्यात फ्लॅट बघितला आणि मोठ्या हौसेनं नानांना दाखवायला नेलं. सेल्सवाला पोरगा बाल्कनीत उभा राहून समोरची झाडं, मोकळी हवा असं सगळं रंगवून सांगत होता. नानांनी ऐकून घेतलं, बाल्कनीच्या कठड्याची जाडी मोजली आणि विचारलं, "झाडं झाली. पुढं काय?" पोरगा जरा अडखळला. मग म्हणाला की पुढच्या फेजमध्ये तिथे दुसरा टॉवर येणार आहे. मी नानांकडे बघितलं. ते कठड्याकडे बघत होते. घे म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. मला परवडणारा तेवढा एकच फ्लॅट होता, म्हणून मी घेतला. आज माझ्या बाल्कनीतून समोरच्या कुटुंबाची वाळत घातलेले कपडे दिसतात. एकदा मी नानांजवळ त्याबद्दल कुरकुर केली तर म्हणाले, "म्हाईत असताना घेतलास ना? मंग झालं. म्हाईत नसताना घेतला असतास तर मी तुझ्यासंगं रडलो असतो."

आता बसबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्या कंपनीची बस सकाळी भोसरीहून निघायची, मी पुनावळ्याहून तिथे येऊन बसायचो, मोशीला नाना चढायचे, ड्रायव्हरच्या मागची खिडकी त्यांची. सकाळी काही अडचण नसे. संध्याकाळी बस चाकणच्या चौकात अडकली की अडकली. बसमधली निम्मी मंडळी पन्नाशीच्या पुढची. थोडा वेळ गेला की मागून कुणीतरी म्हणायचं, "अहो ड्रायव्हर, जरा टपरीपाशी घ्या. चहा पिऊ." लगेच चार-सहा जणांना चहाची तलफ यायची. बस थांबायची, मंडळी घाईघाईनं उतरायची आणि टपरीच्या मागच्या बाजूला नाहीशी व्हायची. परत येताना चेहरे शांत. चहा कुणी पीत नसे. टपरीवाल्यानं एकदा बसच्या दारात येऊन हात जोडले, "साहेब, निदान एक कटिंग तरी घ्या हो."

त्या दिवशी नाना सीटवरून उठले आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला लघवीला जायचंय. एकदा जाऊन भागत न्हाई, घरी गेल्यावर परत जावं लागतं. ज्याला ज्याला चा प्यायचाय त्यानं माझ्यामागं यावं."  मग मागून कुणीतरी हसलं आणि जवळजवळ सगळी बस खाली उतरली. इतक्या वर्षांच्या सहप्रवासात आम्ही एकमेकांच्या कर्जाबद्दल, पोरांबद्दल, साहेबाबद्दल सगळं बोललो होतो. ही एक गोष्ट नाना बोलले तेव्हा पहिल्यांदा बोलली गेली.

नाना असं का बोलले ते मला ठाऊक होतं. त्यांचे थोरले बंधू प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले होते. तेही टपरीमागे चहा पिणाऱ्यांपैकीच. पाठ दुखते म्हणून मालिश करून घेत राहिले. बाकीचं लाजेपायी बायकोलाही सांगितलं नाही. कळलं तेव्हा दुखणं हाडांत उतरलं होतं. नानांनी त्यांची फाइल घेऊन दवाखान्यांच्या खेपा घातल्या होत्या. भावाबद्दल ते एवढंच सांगायचे, "थोरल्यांना कुणी काय इचारलंच न्हाई. नुसतं न्हेलं आन् आणलं."

त्यामुळे कंपनीत तपासणी शिबिर लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, नाना रांगेत पहिले असणार. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज होतं, फुकट, वर पोहे आणि एक स्टीलची बाटली. बाटलीची बातमी पसरल्यावर अठ्ठेचाळीसवालेसुद्धा पन्नाशीचे झाले. कँटीनमध्ये रांग लागली आणि रांगेच्या तोंडाशी, दारात, नाना उभे.

"काय तपासायला चाललास रं?"

"रक्त, नाना."

"रगतात काय?"

"सगळंच."

"ह्या कागदावर पीएसए लिवलंय. कशाची टेस्ट हाय म्हाईतेय?"

माहीत नव्हतं. रांगेत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी साखर म्हणालं, कुणी थायरॉइड. नानांनी ती तीन अक्षरं भावाच्या फायलीत पुष्कळ वेळा वाचली होती. त्यांनी सांगून टाकलं, "प्रोस्टेटच्या कॅन्सरपायी करत्यात ती." रांगेत वर गेलेल्या बाह्या खाली आल्या. एचआरचे साहेब धावत आले.

"नाना, लोकांना घाबरवू नका. लवकर कळलेलं चांगलंच ना?"

"असंल की. मी कुठं न्हाई म्हन्तो? पण सायेब, ड्रॉइंग बगितल्याबिगर आमी पार्टाला गेज लावत न्हाई. हितं माणसाला लावताय. आकडा आला तर पुढं काय, ते कोण सांगणार?"

साहेब म्हणाले, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येईल. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडलं, "नाना, तुमच्या भावाचं असं झालं. खरं तर तुम्हीच पहिले पाहिजेत!" नाना दारातून बाजूला झाले. बाजूच्या टेबलावरची पोह्यांची बशी उचलली, तिच्या काठाची जाडी मोजली आणि इन्स्पेक्शनकडे चालते झाले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली. जगाला पुढं काय विचारणारा माणूस स्वतः सुईला घाबरला, असंच तेव्हा मी समजलो.

बाटलीच्या ओढीनं बऱ्याच जणांनी रक्त दिलंच. मग रिपोर्ट आले आणि इन्स्पेक्शनच्या इतिहासात झाला नसेल असा गोंधळ सुरू झाला. कागदावर पीएसएपुढे ज्याचा त्याचा आकडा आणि कंसात शून्य ते चार. मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाला दोन आकडे दाखवले की तो मधला शोधतो. वरची लिमिट चार, खालची शून्य, म्हणजे उत्तम माप दोन. लेथवरच्या गायकवाडचा आकडा बरोबर दोन आला. "सेंटरला, भावा, सेंटरला!" असं म्हणत त्यानं सगळ्या शिफ्टला वडापाव दिले. ग्राइंडिंगचा देशमुख, मूळचा लातूरकडचा, त्याचा आला शून्य पॉइंट चार. तो डोकं धरून बसला.

"खालच्या लिमिटला टेकायलंय रे. उद्या अजून घासलं की अंडरसाइज."

आणि अंडरसाइज पार्टाचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत. जास्त मापाचा शाफ्ट परत मशीनवर लावून घासता येतो, रीवर्क होतो. कमी मापाचा सरळ भंगारात. त्यामुळे कुणाचा आकडा चारच्या आत, कुणाचा बाहेर याच्याशी देणंघेणं न ठेवता सगळी मंडळी देशमुखची समजूत घालत बसली. बिचाऱ्यानं आकडा वर यावा म्हणून रोज भिजवलेले बदाम खायला सुरुवात केली.

असेंब्लीच्या पाटलांचा आकडा मात्र खरोखरच चारच्या वर गेला होता. त्यांना मंडळींनी काय सांगावं? "ओव्हरसाइज आहे ना, मग काही टेन्शन नाही राव. रीवर्क होतंय." पाटलांनी ते मनावर घेतलं. ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज लिहिला, जावयाला मोटारसायकलची किल्ली दिली आणि दुपारी नानांना सांगायला आले, "नाना, पुढच्या आठवड्यात काढूनच टाकतो. किटकिट नको."

नानांनी चष्मा काढला. "काढलं. पुढं काय?"

"पुढं काय म्हणजे? सुटलो."

"डाक्टरनं काढ म्हणून सांगितलं?"

"डॉक्टरकडे कशाला जायचं? रिपोर्टवरच लिहिलंय."

नानांनी पाटलांच्या दंडाला धरलं आणि कंपनीच्या दवाखान्यात नेलं. मीही मागोमाग गेलो, कारण असल्या गोष्टी चुकवायच्या नसतात. दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम यायच्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र शॉप फ्लोअरवर चालेल असा. त्यांच्या टेबलासमोर पेशंटची एक खुर्ची आणि सोबत आलेल्यासाठी एक निळं स्टूल. पाटील खुर्चीत बसले, नाना स्टुलावर. मॅडमनी अर्ज वाचला, एक मिनिट खिडकीबाहेर बघत हसू आवरलं आणि विचारलं, "शिबिराच्या सुमारास लघवीला जळजळ होत होती का?"

होत होती. पाटलांना त्याचं औषधही चालू होतं. मॅडम म्हणाल्या, मग तो आकडा त्यानंही चढला असेल, आधी ते पूर्ण बरं होऊ द्या, मग परत मोजू. नाना स्टुलावरून अर्धे उठले. "म्हंजी पार्ट गरम, फुगलेला असतानाच मोजला म्हना की!" पुढे मोजला तेव्हा पाटलांचा आकडा खाली आला होता. जावयाकडून किल्ली परत मिळायला त्यांना जास्त त्रास झाला. देशमुखलाही मॅडमनी बोलावून सांगितलं की इथे कमी असणं चांगलंच, मधलं माप वगैरे काही नसतं. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो म्हणाला, "मॅडम, बदाम लई महाग पडले."

तेव्हापासून नाना आणि ते स्टूल यांची जोडी जमली. कुणालाही त्या टेस्टबद्दल शंका आली, की नाना त्याला मॅडमसमोर खुर्चीत बसवायचे आणि स्वतः स्टुलावर बसायचे. मॅडम प्रत्येकाला तेच शांतपणे सांगायच्या. त्रास होत असेल तर दाखवायचंच, तिथे करू का नको हा प्रश्न नाही. त्रास नसताना टेस्ट करायची का, हा खरा प्रश्न. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते, वयाबरोबर ती वाढतेच. टेस्टचा आकडा कॅन्सर आहे असं सांगत नाही, अजून बघायला हवं एवढंच सांगतो. मग स्कॅन, कदाचित सुईनं तुकडा काढून तपासणी. सापडला, तरी काही कॅन्सर इतके संथ असतात की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशानं जातो आणि याचा त्याला पत्ताही नसतो. त्याच्यावर उपचार केले तर लघवी गळणं, नवरा-बायकोच्या संबंधात अडचण, असं फुकटचं मागे लागू शकतं. काही कॅन्सर मात्र वेगानं पसरतात, आणि ते वेळेत कळले तर जीव वाचू शकतो. कुठला कुणाचा, हे आधी सांगता येत नाही. "दोन्हीकडे काहीतरी मिळतं, दोन्हीकडे काहीतरी द्यावं लागतं," त्या म्हणायच्या. "तुम्हाला कशाची जास्त काळजी वाटते ते बघा, घरी बोला आणि मग सांगा."

कुणी टेस्ट करून घेतली. कुणी म्हणालं, मॅडम, मला नको, मला झोप लागणार नाही. नाना दोघांनाही बाहेर आल्यावर चहा पाजायचे आणि दोघांनाही, ठरवलं ते का ठरवलं म्हणून, सारखंच छळायचे. मला वाटायचं, भावाच्या आठवणीनं हा माणूस पुण्य करतोय. बसमध्ये आम्ही त्यांना "नाना स्टूलवाले" म्हणायला लागलो होतो.

मग माझी पाळी आली. पन्नाशी जवळ येत होती, म्हणून एका दुपारी मी खुर्चीत जाऊन बसलो. नाना स्टुलावर होतेच. मॅडमनी सगळं सांगितलं. मी मान डोलावत होतो. नानांना ते सगळं आता पाठ असणार, तरी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं पुढे वाकून ऐकत होते. मॅडमचं संपल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"आन् मॅडम, समजा, ह्याचा थोरला भाऊ त्याच दुखण्यानं गेला असंल तर?"

मी म्हणालो, "नाना, मला भाऊच नाही. दोन बहिणी आहेत."

 नानांनी खिशातून व्हर्निअर काढलं, उघडलं, मिटलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. इतकी माणसं हाताला धरून आणली, प्रत्येकाच्या शेजारी बसून तेच ऐकलं, तेच विचारलं, आणि हे सगळं ते स्वतःसाठी ऐकत होते. स्वतः खुर्चीत बसायचं धाडस तेवढं होत नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी उठून उभाच राहिलो.

"तुमचं झालं," मॅडम मला म्हणाल्या. "नाना, इकडे या. खुर्चीत."

नाना खुर्चीत बसले. मी स्टुलावर बसलो. मॅडमनी आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सख्ख्या भावाला असेल तर धोका नक्की जास्त, अशा माणसानं हा विचार इतरांपेक्षा लवकर करायला हवा. बसमधली गोष्ट मी सांगून टाकली, तेव्हा म्हणाल्या, लघवीला परत परत जावं लागतं ते तर दाखवायचंच. आणि मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "समजा आकडा जास्त आला, नाना. पुढं काय?"

त्यांचाच प्रश्न, पण त्यांना तो आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांची नजर टेबलाच्या कडेवर गेली. या खेपेला त्यांनी ती मोजली नाही.

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "थोरल्यांचं सगळं मी डोळ्यांनी बगितलंय. आकडा बगितला की माझं पण नुसतं न्हेणं आन् आणणं व्हईल, ह्याचं भ्या वाटतं."

"नेणं-आणणं होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक ठिकाणी थांबून तुम्हाला विचारू. घरी बोला आधी."

ते घरी बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, बोलले. काकू काय म्हणाल्या ते त्यांनी दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला सांगितलं, हळू आवाजात, जे त्यांच्या आवाजाला जमत नाही. "ती म्हनली, भाऊजींच्या टायमाला जाऊबाईंना कुणी इचारलं न्हाई. तुमी इचारताय म्हणून सांगते. कळू द्या. पण कळल्यावर घाबरून कापाकापी करायची न्हाई. आन् गावभर सांगायचं न्हाई." हे शेवटचं वाक्य मागच्या सीटपर्यंत पोहोचलं होतं.

आकडा जास्तच आला. परत मोजला, परत जास्त. मग स्कॅन झाला, मग सुई. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे, पण लहान आहे आणि संथ जातीचा दिसतो. ऑपरेशन करता येईल, किंवा ठरावीक काळानं तपासत लक्ष ठेवता येईल आणि वाढू लागला तर तेव्हा उपचार करता येतील. नानांनी त्या डॉक्टरांना इतक्या वेळा पुढं काय विचारलं, की त्यांनी शेवटी स्वतःची खुर्ची मागे सरकवून नानांसाठी कॉफी मागवली. काकूही होत्या. दोघांनी मिळून लक्ष ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बस मोशीला थांबली तेव्हा सगळे दाराकडे बघत होते. सगळ्यांना कुणकुण लागलेली होतीच. नाना चढले. देशमुखला राहवलं नाही.

"नाना, ओके का रिजेक्ट?"

आयुष्यभर ज्या एकाच प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं, तोच प्रश्न. नानांनी डब्याची पिशवी वर उचलून सगळ्यांना दाखवली. पिशवीच्या बंदाला पिवळा टॅग बांधलेला होता, सुबक गाठ मारून, खाली तपासणाऱ्याच्या जागी स्वतःची सही करून.

"होल्ड," ते म्हणाले आणि खिडकीपाशी बसले. बसमध्ये कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. पाटील रुमालात तोंड खुपसून बसले होते. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

नाना आता निवृत्त झालेत. दर काही महिन्यांनी त्यांची तपासणी असते आणि मी रजा टाकून जातो. ते खुर्चीत बसतात, मी स्टुलावर. डॉक्टर कागद वाचत असतात तेवढा वेळ नाना खिशातल्या व्हर्निअरवर हात ठेवून असतात. मग डॉक्टर मान वर करून सांगतात की होतं तिथेच आहे. बाहेर आलो की नाना रस्त्यापलीकडच्या टपरीकडे बोट दाखवतात. "अजून होल्ड. चल, चा पिऊ."

आणि आम्ही खरंच चहा पितो.